हिवरे बाजार : पाऊस किती, पाणी कसे?

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. मग तेथील विहिरींना पाणी टिकते कसे?

प्रतिसाद १ : ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिते होत असल्याने या पट्ट्यात वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मोजक्या सरींत. १९७२च्या दुष्काळानंतर डोंगर उघडेबोडके झाले, विहिरी आटल्या आणि लोक मजुरीसाठी बाहेर पडू लागले. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदान व शासकीय योजनांच्या आधारे डोंगरउतारांवर सलग समतल चर (उताराला आडवे, पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवणारे लांब खड्डे) खणले गेले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही आली.

प्रतिसाद २ : चरांचे कौतुक सर्वत्र होते, परंतु माझ्या मते अधिक श्रेय पाण्याच्या ताळेबंदाला द्यावे. पडलेला पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी राखून, उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास आणि उसासारख्या पिकांना मनाई आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे पाऊस कमी झाल्यास रब्बीलाच कात्री लागते का?

प्रतिसाद २ : होय, अशा वर्षी जास्त पाणी लागणारी पिके टाळली जातात.