गुहागरचा सायकल मेळावा आणि आपल्या गेटबाहेरचा रस्ता (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४: नमस्कार सगळ्यांना. काल गुहागरला सायकलसाठी काम करणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे जाऊन आले. शर्यत, मेडल असलं काही नव्हतं. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं होती. शिक्षक, सायकल दुरुस्तीवाले, बँकेतून रिटायर झालेले, कॉलेजच्या मुली. सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करतात. रस्ता मोजायचा, फोटो काढायचे, अर्ज द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडायची नाही. मला फार बळ मिळालं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सेक्रेटरी काका: दापोलीहून सायकलनेच गेलीस?

बी-२०४: हो काका. दाभोळला फेरीबोट धरली, पलीकडे धोपाव्याला उतरून पुढे गुहागर. बोटीचा पुढचा पत्रा ओला असतो, चढताना टायर सटकतो. तिथला पोरगा न सांगता मागून कॅरियर धरतो आणि सायकल वर घेतो. टोपल्या घेतलेल्या मासेवाल्या मावश्या सरकून जागा करून देतात. आज सायकलवाल्याला खाडी ओलांडायची तर याहून सुरक्षित वाट नाही.

आणि मेळाव्यात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते याच्यावरच. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवर मोठे पूल होणार आहेत. दाभोळ, जयगड, बाणकोट. पूल हवेतच, रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा असेल तर फेरीबोटीची वाट बघून चालत नाही. पण पूल झाल्यावर फेरी बंद पडली तर पायी जाणाऱ्याने आणि सायकलवाल्याने डंपरच्या शेजारून, खाडीच्या वाऱ्यात जायचं? कडेला वेगळी पट्टी आत्ता नकाशातच धरली तर धरली. एकदा स्लॅब पडला की पूल कोणी रुंद करत नाही. म्हणून गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव आणि सोसायट्यांची पत्रं रस्ते विकास महामंडळाकडे पाठवायची ठरली आहेत. आपलंही एक जायला हवं.

डी-३०२: ताई, विचार चांगला आहे, पण कोकणात सायकल चालवणार कोण? इथे प्रत्येक वळणाला चढ. हॉलंडचं ठीक आहे, तो देश सपाट.

बी-२०४: दादा, हाच प्रश्न तिथेही निघाला. हॉलंड सपाट आधीपासूनच होता, पण रस्ते असे नव्हते. १९७१ साली तिथे रस्त्यांवर अपघातात तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हेच त्या चळवळीचं नाव होतं. पुढे १९७५ मध्ये सायकलवाल्यांची संघटना झाली. साध्या माणसांनी वर्षानुवर्षं मागे लागून ते करून घेतलंय.

आणि चढाचं म्हणाल तर चढावरच जागा जास्त लागते. उतारावर सायकल गाड्यांच्या वेगाने जाते. चढावर ती हळू होते, डुलते, शेवटी उतरून ढकलावी लागते. आपल्याकडे नेमकी तिथेच साइडपट्टी खचलेली, डांबराच्या कडेला वीतभर खड्डा, पावसाळ्यात वर शेवाळ. जागा कमी असेल तर दोन्हीकडे नको, निदान चढाच्या बाजूला पट्टी द्या, एवढंच मागणं आहे.

ए-१०१ आजी: अगो, बाजारात वळणावर गटाराची ती जाळी आहे ना, तिथे परवा शाळेतली मुलगी पडली. गुडघा फुटला. मी समोरच उभी होते.

बी-२०४: आजी, बरं झालं सांगितलंत. त्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या आहेत. मोटारीचं चाक वरून जातं, सायकलचं फटीत अडकतं. पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात. जाळी चौरस असेल तर नवी आणायलाही नको, उचलून फिरवून बसवली की झालं. हे कोणीतरी लिहून द्यायला हवं, इतकंच अडलंय. मला हे खरंच फार लागतं, कारण पडणारी सगळी शाळेची मुलं असतात.

सी-१०३: मग शाळेसमोरचा गतिरोधकही लिहा. गाडीचं तळ घासतं आणि सायकलवाली मुलं तो चुकवायला कडेच्या मातीत उतरतात.

बी-२०४: लिहिते वहिनी. रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड काँग्रेस ही संस्था आहे, तिचा नमुना ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोल पाठीचा आहे. त्यावरून सायकल आरामात जाते आणि गाडीचा वेग मात्र उतरतो. आपल्याकडे हातभर रुंदीचा उंचवटा टाकून ठेवलाय. माप घालून अर्ज दिला की नुसती तक्रार म्हणून बाजूला टाकता येत नाही, हे काल सगळेच सांगत होते.

डी-३०२: चढाच्या बाजूची पट्टी पटली. आमचा मुलगा आठवीत गेला, सायकल मागतोय. मीच नको म्हणतोय, ते या रस्त्यामुळेच.

सेक्रेटरी काका: दोन वेगळी पत्रं करा. एक पुलाच्या पट्टीचं, एक जाळी आणि गतिरोधकाचं. सोसायटीच्या लेटरहेडवर देतो. दुसऱ्या पत्राची पोच शिक्क्यासह घ्यायची. महिनाभरात काही हाललं नाही तर तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो त्यात मांडू, जिल्ह्याला तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. सह्यांचा कागद वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो.

बी-२०४: धन्यवाद काका. उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी जाळीचं आणि गतिरोधकाचं माप घ्यायचंय. एकाने टेप धरायची, एकाने गाड्या थांबवायच्या. कोण येतंय?

सी-१०३: मी येते. फोटोही मीच काढते.

डी-३०२: मीही. साइटवरची लांब टेप आहे माझ्याकडे, घेऊन येतो. सातला गेटवर.