रविवारी सासरची मंडळी, माणशी ३००, फोंडा ते पणजी: मासे खायला कुठे न्यावं?

फोंड्याचा जावई (गुरुवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी कोल्हापूरहून सासरचे येताहेत. मामा, मामी (म्हणजे सासरे, सासू), मेहुणा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि मामींची धाकटी बहीण, म्हणजे मावशी (या आज दुपारी वाढल्या). आम्ही दोघं धरून नऊ. सकाळी कवळ्याची शांतादुर्गा, मग मंगेशी, दुपारी जेवण, संध्याकाळी पणजीत बोट. मामांना सुरमईची थाळीच हवी. "गोव्यात जाऊन पनीर खाल्लं तर तालमीत तोंड कसं दाखवू," असं फोनवर म्हणाले. मामी मासे खातात पण देवदर्शन झाल्यावर त्या दिवशी नाही. मावशी कधीच नाही. पोरांना फ्राइड राइस. नऊ जण एका टेबलावर बसले पाहिजेत, नाहीतर मामांना अपमान वाटतो. मोठी गाडी लावायला जागा हवी. बजेट माणशी ३००, पैसे मी देणार. सुचवा.

मिरामारचा म्हातारा (रात्री ९:५८)
गेल्या डिसेंबरात आम्ही दोनापावलच्या बाजूला एका तारांकित हॉटेलात बफे घेतला. माणशी २२०० अधिक कर. अकरा प्रकारचे गोड पदार्थ मी स्वतः मोजले. मुलगा दुबईहून आला होता, त्यानेच भरले. थोडं बजेट वाढवा, सासरे काय रोज येतात?

फोंड्याचा जावई (रात्री १०:०३)
काका, ३०० म्हटलंय. आणि मला मुलगाच नाही, दुबईला कोणाला पाठवू?

पेडण्याचो पात्रांव (रात्री १०:१५)
दोन दुरुस्त्या. आमच्याकडे सुरमई नसते, इसवण असते. आणि थाळी हा मुंबईकरांनी आणलेला शब्द आहे. आमची नुस्त्याची, म्हणजे मासळीची, राइस प्लेट. बाकी चालू द्या.

नंदू म्हापसेकर (रात्री १०:२१)
म्हापशाला या. मार्केटच्या मागच्या गल्लीत एक जागा आहे, पाटी नाही, बाहेर निळा ड्रम आहे. तिथलं हुमण (माशांची आमटी) खाल्लं की पणजीत जेवायची इच्छा राहणार नाही. मी वीस वर्षं तिथंच जेवतो.

फोंड्याचा जावई (रात्री १०:२४)
नंदूभाऊ, मार्ग कवळे, मंगेशी, पणजी असा आहे. म्हापसा यात कुठे बसवू? आणि तिथे नऊ जण एका टेबलावर बसतील?

नंदू म्हापसेकर (रात्री १०:२६)
टेबलं तीनच आहेत. पण लोक पटापट उठतात.

पर्वरीचा पंत (रात्री १०:४०)
मूळ मुद्दा कोणीच काढला नाही. महिना जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस ट्रॉलर धक्क्यावर बांधलेले. मामांच्या ताटात सुरमई येईल ती एकतर मे महिन्यापासून बर्फात झोपलेली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेली. तिकडची बंदी १४ जूनला संपते. २०१८च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (प्रेतं टिकवायचं रसायन) केवढा गोंधळ झाला होता ते विसरलात? तेव्हापासून आमच्या घरी पावसाळ्यात बाहेर मासे खात नाहीत. आम्ही मे महिन्यात सुके बांगडे, सुंगटां (कोळंबी), गालमो (सुकी बारीक कोळंबी) भरून ठेवतो. पुरुमेंत म्हणतात त्याला. हल्लीच्या पोरांना शब्दसुद्धा माहीत नसेल.

पेडण्याचो पात्रांव (रात्री १०:४४)
बंदी यांत्रिक होड्यांना असते. किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणाऱ्या रापणकारांना नाही. अर्धं वाचून लिहू नये.

पर्वरीचा पंत (रात्री १०:५१)
या पावसात रापण ओढायला तुम्ही जाणार का? मी "ट्रॉलर" असंच लिहिलंय. पूर्ण वाचून मग लिहावं.

पेडण्याचो पात्रांव (रात्री १०:५३)
माझा आजोबा रापणीला जायचा.

काणकोणची वहिनी (शुक्रवार, सकाळी ७:१०)
भांडून झालं असेल तर कामाचं सांगते. जुलैत समुद्र विसरा आणि नदीचं मागा. शेवटे, काळुंदर, मानशीतली (बांधाच्या दारातली) सुंगटां, तिसऱ्या, खुबे. हे सगळं इथलंच, नदीतलं आणि खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतलं. मामांना सांगा की सुरमई हिवाळ्यात खाऊ. हॉटेलात शिरल्यावर पाटी वाचू नका, वाढप्याला विचारा, "आज नुस्तें किते आसा?" त्याने लगेच सांगितलं तर बसा. आत जाऊन विचारून आला तर उठा.
दुसरं, तळलेल्याचा भाव ऑर्डर देण्याआधी विचारा. ताटात हुमण, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), भाजी, सोलकढी असतेच, तळलेला तुकडा बऱ्याच ठिकाणी वेगळा. मेन्यूत "साइझप्रमाणे" लिहिलं असेल तर ते माणसाच्या साइझप्रमाणे असतं. आमच्या ह्यांनी एकदा कळंगुटच्या बाजूला हौसेने चणक मासा सांगितला. आला तो अख्खा, शेपूट ताटाबाहेर. १४०० रुपये. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत, आणि मी मात्र गप्प बसले नाही.

मिरामारचा म्हातारा (सकाळी ७:३२)
बफेत हा प्रश्नच येत नाही. चणक हवा तेवढा.

ताळगावची शिक्षिका (सकाळी ८:०५)
पणजीत १८ जून रस्त्यावर रिट्झ क्लासिक. फिश थाळीसाठी पणजीकर तिथंच जातात. बारा-सव्वाबाराला पोहोचा. दीड वाजता गेलात तर आधी लोकांना जेवताना बघावं लागेल.

सांतिनेज १९७४ (सकाळी ८:११)
रिट्झ.

डिचोलीचा दामू (सकाळी ८:३०)
रिट्झ क्लासिकला जा, १८ जून रस्त्यावर आहे.

ताळगावची शिक्षिका (सकाळी ८:३३)
दामू, तेच मी वर लिहिलंय.

डिचोलीचा दामू (सकाळी ८:३६)
हो, म्हणूनच मी पण सांगितलं.

फोंड्याचा जावई (सकाळी ९:१५)
दोन देवळं करून सव्वाबाराला पणजीत १८ जून रस्त्यावर पोहोचायचं, तेही नऊ माणसं आणि मोठी गाडी घेऊन? मामा अभिषेक करणार आहेत. शिवाय मामी आणि मावशींचं काय?

कुंडईचा कामगार (सकाळी ९:४०)
आधी मासे, मग देवळं असं करा ना. ११ वाजता जेवा, १ वाजता दर्शन.

पर्वरीचा पंत (सकाळी ९:४८)
मासे खाऊन गाभाऱ्यात? काय बोलताय?

कुंडईचा कामगार (सकाळी ९:५५)
मग संध्याकाळी मासे. देव दुपारी, मासे रात्री, मध्ये आंघोळ. आमच्याकडे असंच चालतं.

पेडण्याचो पात्रांव (सकाळी १०:०२)
प्रत्येक घरची रीत वेगळी. आमच्याकडे सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही, एकादशीला नाही. उरलेल्या दिवशी बाजारात मासळी नसते.

साखळीची सून (सकाळी ११:२०)
माझं माहेर सांगलीचं, म्हणून अनुभवाने सांगते. घाटावरच्या माणसाला हुमण पहिल्या दिवशी कळत नाही. माझ्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "याला फोडणी द्यायची राहिली का?" नारळाचं वाटण, चिंच-सोलं, बांगड्यात तिरफळ, असा आंबट-तिखट मऊ रस. ते तेलाचा तवंग शोधत होते. आणि तिरफळ चावायचं नसतं हे आधी सांगून ठेवा! माझ्या साडूभावोजींनी वेलची समजून दोन चावली. पाच मिनिटं जीभ बधिर. ते "पाणी" म्हणताहेत आणि आम्हाला "काणी" ऐकू येतंय. ताईला वाटलं, बाबांना अर्धांगाचा झटका... म्हणजे त्यांना, बाबांना नाही. घाईत लिहितेय, कुकर झाला.

नंदू म्हापसेकर (सकाळी ११:३१)
बहिणीच्या नवऱ्याला बायका भावोजी म्हणतात. साडू पुरुषांचा असतो.

साखळीची सून (सकाळी ११:५०)
ते तेवढं दिसलं तुम्हाला.

फोंड्याचा जावई (दुपारी १:१०)
तिरफळाची सूचना लिहून घेतली. मावशींसाठी कोणी काही सांगेल का?

सांतिनेज १९७४ (दुपारी १:२५)
शाकाहारी म्हणजे भाजी-पाव. पणजीत कॅफे टॅटो, कॅफे भोंसले. मावशींच्या ३०० रुपयांत मावशी तीन दिवस जेवतील. पण एक लक्षात ठेवा. इथे "पावभाजी" मागू नका. माझा पुण्याचा मित्र मोठ्या ऐटीत "तीन पावभाजी, बटर जास्त" म्हणाला. वाढप्याने विचारलं, "पातळ, सुकी का मिक्स?" मित्र म्हणाला, "लाल." शेवटी पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, एक बन (केळ्याची गोड पुरी) आणि मिरची भजी असं सगळं समोर आलं. मित्राने तक्रार करायला तोंड उघडलं आणि त्यात भजी गेली. मग तक्रार झाली नाही.

पर्वरीचा पंत (दुपारी १:४०)
बन मंगळूरकडचा. गोव्याचा नव्हे.

पेडण्याचो पात्रांव (दुपारी १:४२)
या एका मुद्द्यावर पंतांशी सहमत.

काणकोणची वहिनी (दुपारी २:१५)
सगळ्यांनी एक गोष्ट सांगायची राहिली. रविवार आहे! पणजीतल्या कचेऱ्यांच्या आधारावर चालणाऱ्या कितीतरी खानावळी रविवारी बंद असतात. जिथे जायचं ठरेल तिथे शनिवारी फोन करा. अडीच-तीनला स्वयंपाकघर आवरतं, नंतर चहासुद्धा तोंड वाकडं करून देतात.

नंदू म्हापसेकर (दुपारी २:२०)
हां, निळा ड्रमवाला पण रविवारी बंद असतो.

फोंड्याचा जावई (दुपारी २:२२)
नंदूभाऊ, मग काल रात्रीपासून...

नंदू म्हापसेकर (दुपारी २:२५)
सोमवारी ठेवा ना दौरा.

डिचोलीचा दामू (संध्याकाळी ६:००)
मामा घेतात का? घेत असतील तर मासे कुठले हे त्यांच्या लक्षात येणार नाही. उर्राकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) मोसम संपला, पण काजूची फेणी आहे. २००९ सालापासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे तिला.

फोंड्याचा जावई (संध्याकाळी ६:१०)
मामी सोबत आहेत. मामा घेत नाहीत.

मिरामारचा म्हातारा (शनिवार, सकाळी ६:५०)
फोन करून विचारलं. पावसाळ्यात बफेला सवलत आहे. १९०० झालाय. आता काय अडचण?

फोंड्याचा जावई (शनिवार, रात्री ८:३०)
सर्वांचे आभार. ठरलं. मंगेशीहून थेट पणजी, मावशी आणि मामींना आधी भाजी-पाव, मग बाकीच्यांना मासे. शेवटे मिळतील अशा एका ठिकाणी फोन करून सात खुर्च्या सांगितल्या आहेत. दोन खुर्च्या नुसत्या बसायला मिळतील का विचारलं तर त्याने फोन ठेवला.

साखळीची सून (शनिवार, रात्री ८:४५)
तिरफळ!!

फोंड्याचा जावई (सोमवार, सकाळी १०:०५)
झालं ते सांगतो. अभिषेक लांबला. मंगेशीतून बाहेर पडलो तेव्हा दीड वाजलेला, पोरं रडायला लागलेली आणि पाऊस असा की समोरची गाडी दिसेना. पणजी वेळेत गाठता यायची नाही हे मला कळलं होतं, फक्त मामांना सांगायचं धाडस होत नव्हतं. मामाच म्हणाले, "जावईबापू, तो वास कसला?" रस्त्याच्या कडेला ताडपत्री लावलेलं हॉटेल, कढईत मिरची भजी. मामा उतरले. छत्री मागे राहिली.
नऊ जणांना एक टेबल मिळालं नाही. मामा एका ट्रक ड्रायव्हरच्या बाकावर जाऊन बसले आणि अपमान वगैरे काही वाटलेला दिसला नाही. पातळ भाजी चार वाट्या, पाव मी मोजायचे सोडले, भज्यांच्या पाच प्लेटी, चहा दोनदा. मामी, मावशी सगळ्यांनी एकच खाल्लं. पोरांनी फ्राइड राइसचं नाव काढलं नाही, त्यांना बन मिळाले. एकूण बिल १,०८०. नऊ जणांचं. पणजीतला तो दोनदा फोन करून गेला, मी उचलला नाही. आता त्या रस्त्याने जायची चोरी.

सांतिनेज १९७४ (सकाळी १०:१२)
हॉटेलचं नाव?

फोंड्याचा जावई (सकाळी १०:१५)
पाटी ताडपत्रीच्या आत होती. निळा ड्रम मात्र होता.

नंदू म्हापसेकर (सकाळी १०:१६)
मी सांगितलं होतं.

पर्वरीचा पंत (सकाळी १०:३०)
म्हणजे इतक्या लोकांनी इतकं लिहिलं ते भज्यांसाठी?

फोंड्याचा जावई (सकाळी १०:४०)
मामांचं समाधान झालंय, पण सुरमई राहिली म्हणून १५ ऑगस्टला परत येताहेत. बंदी उठलेली असेल, पण श्रावण असेल, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. या वेळी अकरा जण.

पेडण्याचो पात्रांव (सकाळी १०:४३)
इसवण.

मिरामारचा म्हातारा (सकाळी १०:५०)
बफेत शाकाहारी टेबल वेगळं असतं. ऑगस्टचा दर विचारून सांगतो.