जुनी डिझेल गाडी घ्यायचीय, टाटा हॅरियर की एमजी हेक्टर?

दोन्ही २०२१ च्या, मॅन्युअल, रनिंग पण जवळपास सेम. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई, सुट्टी लागली की कोकण नाहीतर भंडारदरा, टेंट सोबत असतोच. इंजिन दोन्हीत तेच २ लिटरचं, १७० पीएस ताकदीचं, मग ठरवायचं कशावरून?

डोंगरवेडा: डिकीवरून. हेक्टरची ५८७ लिटर, हॅरियरची ४२५. मागे तिघं बसल्यावर टेंट काय मांडीवर घेणार का?

घाटवाट: डिकीचं ठीक आहे हो, पण खराब रस्त्याला हॅरियरच, प्लॅटफॉर्म (गाडीचा खालचा सांगाडा) लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतलाय, खड्ड्यात दणकट वाटते. फक्त आईंना आधी चढून-उतरून बघायला सांगा, गुडघे दुखत असतील तर तिथेच निकाल लागेल. आणि फोर बाय फोर दोन्हीत नाही, तेव्हा बीचवर वाळूत घालायची हौस नको 😄

जुनीगाडी: मॉडेल सोडा, आधीचा मालक बघा. बीएस६ डिझेल नुसती सिटीत ट्रॅफिकमध्ये चालवली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झालेला असू शकतो, त्यामुळे हायवेला चांगली अर्धा तास पळवून बघा, डॅशबोर्डवर त्याची लाईट येते का ते बघा, सर्व्हिस हिस्टरी नि इन्शुरन्स क्लेम काढा आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.