भाऊबीज ते कार्तिकी : क्राबीचं काय ठरतंय?

दादा : ट्रॅव्हल्सवाल्याचं थायलंड सहलीचं पीडीएफ टाकलंय, सगळ्यांनी बघा. फुकेत, फी फी, क्राबी, सामुई. आठवडाभरात चारही.

मोठे काका : म्हणजे रोज बॅगा भरा नि उचला. आईला झेपणार आहे का?

काकू : भाऊजी, माझंही तेच म्हणणं. आणि सामुई तर काढाच. नकाशा उघडून बघा. मलय द्वीपकल्पाची चिंचोळी पट्टी, पश्चिमेला अंदमान समुद्र, पूर्वेला थायलंडचं आखात, मधे डोंगर. नैर्ऋत्येचा पाऊस मे ते ऑक्टोबर पश्चिमेला, म्हणजे क्राबीकडे पडतो. तो सरला की ईशान्येचा वारा सुटतो आणि डिसेंबरपर्यंत सामुईला झोडपतो. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, तेव्हा क्राबीकडे उघडीप होत आलेली असते आणि सामुईला ऐन पावसाळा.

आत्या : मग जानेवारीत जाऊ की निवांत.

मोठे काका : जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. नंदीध्वज सोडून मी सोलापूरबाहेर पाऊल टाकणार नाही.

आत्या : ते खरं. मग मे? पोरांना मोठी सुट्टी असते.

काकू : ताई, मेमध्ये तिकडे पाऊस लागतो. समुद्र खवळला की किनाऱ्यावर लाल बावटा लावतात, पाण्यात उतरायचं नाही. एवढं लांब जाऊन पोरांना काठावर बसवायचं का?

आत्या : बरं, दिवाळी. पण आई कार्तिकीला पंढरपूर चुकवणार नाही, हे आधी लिहून ठेव.

काकू : तेच धरून आखलंय. भाऊबीज झाली की रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, तृतीयेला मुंबईहून विमान, नवमीला परत, दशमीला सकाळी घरात. मुक्काम एकच, क्राबीतल्या आओ नांगला.

दादा : काकू, रायलेला राहूया ना! सगळ्यात भारी किनारा तोच आहे.

काकू : राहायला नको, दिवसभरासाठी जाऊ. आणि कधी जायचं ते तिथी बघून ठरवू. रायलेला जमिनीकडून चुनखडीचे उभे कडे आहेत, गाडीरस्ताच नाही, बोटीनेच जायचं. पश्चिमेच्या वाळूवर लांब शेपटाची लाकडी होडी लागते, तिच्यात गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. आईंना ते जमणार नाही. पूर्वेला धक्का आहे, आओ नाम माओहून बोट थेट तिथे जाते. पण त्या बाजूला खारफुटी नि चिखल, ओहोटीला पाणी लांब सरकतं. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाण, तेव्हा ओहोटी सगळ्यात खोल. म्हणजे आपण पोचतो तेव्हाच! अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. म्हणून रायले अष्टमीला, भरतीची वेळ बघून. धक्क्यापासून पश्चिमेच्या वाळूपर्यंत सपाट वाट आहे. आईंना सावलीत बसवू, पोरं पोहतील.

मोठे काका : हे पटलं. आधीचे दिवस काय?

काकू : था पोमला खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट आहे. दोन्ही बाजूंना मुळांचं जाळं, खाली तळ दिसेल इतकं नितळ पाणी. चढ नाही. मला सगळ्यात जास्त तेच आईंना दाखवायचंय. एक दिवस ख्लोंग थोमचे गरम पाण्याचे झरे.

दादा : आणि फी फीचा माया बे?

काकू : पोरांना घेऊन तू जा. पण पोहायला मिळणार नाही. गर्दीने प्रवाळ मेलं म्हणून 2018 ला तो किनारा बंद केला होता, 2022 ला उघडला. आता बोटी मागच्या बाजूला लागतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दरवर्षी विश्रांती. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्क परत आलेत, ते काठावरून दिसले तर बघा. सनस्क्रीन घेताना डबीवर ऑक्सिबेन्झोन नाही ना बघ, तिथल्या सागरी उद्यानांत त्याला बंदी आहे.

आत्या : आईचा चातुर्मास एकादशीपर्यंत. कांदा-लसूण नाही. तिकडे तर सगळ्यात फिश सॉस घालतात.

काकू : हो, भाजीतसुद्धा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं. तिथे मांस, अंडं, फिश सॉस, कांदा, लसूण काहीच नसतं. शिवाय कडक भाकरी नि शेंगा चटणी मी बांधून घेतेच.

मोठे काका : दादा, त्या ट्रॅव्हल्सवाल्याला नाही म्हणून कळव.

दादा : कळवतो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी हवी, आज रात्री प्रत्येकाने बघून इथे लिहा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते सगळ्यांचं मी भरतो.

आत्या : आईचा माझ्या कपाटात आहे. पुढच्या मार्चला संपतोय.

काकू : मग उद्याच नूतनीकरणाचा अर्ज भरू ताई. मार्च म्हणजे सहा महिने होत नाहीत.