मदत हवी आहे: सिम्युलेटरवर हॉवर जमतंय, पण विमानाचं पोट माझ्याकडे वळलं की संपलं

नमस्कार मंडळी,

दोन महिने रोज अर्धा तास रेडिओ कंट्रोल (आरसी) मॉडेल विमानांच्या सिम्युलेटरवर थ्रीडी, म्हणजे कसरतींचं विमान नाक वर करून हवेत उभं टांगून ठेवायचा, म्हणजे प्रॉपवर (पंख्याच्या जोरावर) हॉवर करायचा सराव करतोय. कॅनॉपी (कॉकपिटवरची काच, म्हणजे विमानाची पाठ) माझ्याकडे असेल तर वीसेक सेकंद टिकतं. पण टॉर्कमुळे (प्रॉपच्या उलट्या पिळामुळे) विमान स्वतःभोवती हळूहळू डावीकडे रोल होतं, उजवं एलेरॉन (रोल आवरणारी पंखावरची झडप) द्यायला उशीर झाला की पोट समोर येतं आणि तिथेच सगळं बिघडतं. तिथे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी झडप) उलटा दिसतो. नाक ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, हे मला तोंडपाठ आहे, पण बोटं ऐकत नाहीत.

दुसरी अडचण जास्त त्रास देते. मी रिमोटवर मोड २ वापरतो, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर एकाच डाव्या स्टिकवर. रडर जोरात दिला की अंगठ्याबरोबर थ्रॉटलही सरकतो आणि विमान एकदम वर तरी जातं किंवा शेपटीवर बसतं. थ्रॉटलला सतत बारीक टिचक्या द्यायच्या हे कळतं, ते या गडबडीत राहून जातं.

पोटाच्या बाजूचा सराव वेगळा करावा का? थ्रीडी रेटवर (झडपा जास्तीत जास्त हलतात त्या सेटिंगवर) एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारं सेटिंग, किती ठेवता? सीजी (गुरुत्वमध्य) थोडा मागे घेतला तर खरंच सोपं जातं का? आणि सिम्युलेटरमध्ये वारा कधीपासून सुरू करावा? खरं फोमी (फोमचं) विमान तयार आहे, पण पोटाकडून दहा सेकंद टिकल्याशिवाय मैदानावर न्यायचं नाही असं ठरवलंय.