मदत हवी आहे: ऑस्टिनसाठी फॅनी बर्नीची कुठली प्रकरणं वाचू?

जेन ऑस्टिनच्या वाचनाचा तिच्या कादंबऱ्यांवर कसा परिणाम झाला, यावर आमच्या वाचनगटात महिनाअखेरीला बोलायचं आहे. सगळ्यांनी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचलीय, तिच्या आधीची इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी कुणीच वाचलेली नाही.

ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’चा भाग सोपा गेला. अ‍ॅन रॅडक्लिफची भयकादंबरी ‘उडॉल्फो’ (1794) नायिकेच्या डोक्यात इतकी भिनलेली, की काळ्या कपाटातले कागद तिला भयंकर गूढ वाटतात. सकाळी निघतात कपडे धुण्याची बिलं!

घोडं अडलंय बर्नीपाशी. तिच्या ‘कॅमिला’ कादंबरीच्या (1796) आगाऊ वर्गणीदारांच्या यादीत ऑस्टिनचं नाव आहे, आणि ‘सिसिलिया’च्या (1782) शेवटाकडे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हे शब्द मोठ्या अक्षरांत येतात. पण शीर्षक उचललं एवढंच सांगितलं तर तो किस्सा झाला, प्रभाव नव्हे. मला ‘सिसिलिया’तल्या डेल्व्हिल घराण्याचा कुलाभिमान आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सीची लग्नाची पहिली मागणी शेजारी ठेवून दाखवायची आहे. सारांश वाचले, त्यात कथानक कळतं, संवादांचा सूर नाही. ‘सिसिलिया’चे पाच खंड तोवर वाचून होणं अशक्य. मोफत ई-प्रत मिळाली आहे आणि मूळ इंग्रजी चालेल, त्यामुळे अनुवाद किंवा समीक्षाग्रंथ सुचवू नका.

ज्यांनी ‘सिसिलिया’ पूर्ण वाचलीय त्यांना विचारतो: मॉर्टिमर डेल्व्हिल प्रेमाची कबुली देतो आणि त्याच दमात घराण्याचं नाव आड येतं म्हणतो, ते प्रसंग नेमके कुठल्या खंडात, कुठल्या प्रकरणांत आहेत?