रक्त 'चढवणं', 'देणं' की 'भरणं'?

कळव्याहून: काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात रक्त लागलं. घरात कोणी म्हणतं दोन बाटल्या चढवल्या, कोणी म्हणतं रक्त भरलं, आत्या फोनवर सगळ्यांना सांगत सुटली की "दादाला रक्त दिलं", तर पलीकडच्यांना वाटलं आत्यानेच रक्तदान केलं! बरोबर काय? आणि ग्रुपवर आलंय, रक्त चढवल्यामुळे कॅन्सर परत येतो, त्यात तथ्य आहे का?

खारघर, रक्तपेढी: आमच्यात "पिशवी लावली" म्हणतात. बाटली काचेच्या जमान्यातली, पण लोकांच्या तोंडातून जात नाही. आणि पिशवीतही बहुतेक वेळा अख्खं रक्त नसतं, पॅक सेल असतात म्हणजे तांबड्या पेशी, एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढतं. चढवणं रूढ आहे, चूक नाही, फक्त त्यापायी "अशक्तपणा वाटतोय, एक चढवून टाका ना" अशी मागणी येते, जसं काही सलाईनच! रक्तस्राव नसेल, पेशंट स्थिर असेल तर हिमोग्लोबिन 7-8 च्या खाली जाईपर्यंत सहसा थांबतात.

नौपाडा: माझा आक्षेप चढवण्यावर नाही, 'मुळे'वर आहे. शंका जुनी आहे, 1982 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आतड्याच्या कॅन्सरबद्दल आलं होतं की रक्त घेतलेल्यांत आजार जास्त उलटतो. परक्या रक्ताने प्रतिकारशक्ती थोडी दबते हेही खरं, किडनी बसवण्याआधी रक्त मिळालेल्यांची किडनी जास्त टिकते असं 1973 लाच दिसलं होतं. पण रक्त लागतं कोणाला? गाठ मोठी, आधीच अॅनिमिया, ऑपरेशन लांबलेलं. नेदरलँड्समध्ये काही पेशंटना आधी काढून ठेवलेलं स्वतःचंच रक्त दिलं, बाकीच्यांना परक्याचं, 1993 मध्ये निकाल आला, तरी दोघांत फरक नाही, रक्त लागलेले स्वतःचं घेऊनही न लागलेल्यांच्या मागेच पडले. मग 'मुळे' कसं म्हणायचं? 'रक्त लागलेल्यांमध्ये' म्हणा, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

कळव्याहून: बरं. आत्याला 'पिशवी लावली' पाठ करायला सांगतो. काकूचंही ऑपरेशन आहे पुढे, हिमोग्लोबिन 9 आहे.

खारघर, रक्तपेढी: मग आत्ताच सर्जनना विचारा, लोह कमी असेल तर शिरेतून देता येतं, वेळ हाताशी असेल तर पिशवी वाचू शकते. आणि टेबलावर रक्त लागलंच तर ग्रुपवरचा मेसेज दाखवून अडवू नका हो.